घर नंबर एकेचाळीस सतरा

प्रमोदिनी सबनीसला रियाधमधले मराठी लोक ‘कोडिंगवाल्या वहिनी’ म्हणत, आणि त्यातल्या निम्म्यांची समजूत होती की ती सॉफ्टवेअर लिहिते. तिनं ती समजूत कधी खोडून काढली नाही. खरं काय ते सांगायला गेलं की ऐकणाऱ्याचा चेहरा कोरा व्हायचा.

खरं असं होतं, की अमेरिकेतल्या काही हजार घरांना दर सहा महिन्यांनी फोन जायचा. फोन करणारा विचारायचा, तुमच्या देशाची अर्थव्यवस्था वाढते आहे, तशीच आहे, की घटते आहे? आणि असं का वाटतं? त्या उत्तरांची रेकॉर्डिंग्ज रियाधच्या अल मलाझ भागातल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर यायची. तिथं खिडकीजवळच्या टेबलापाशी प्रमोदिनी कानाला हेडफोन लावून बसायची आणि प्रत्येक उत्तराला एक आकडा द्यायची. महागाई म्हटलं की बावीस, नोकऱ्या म्हटलं की एकतीस, सत्तेवरच्या पक्षाला शिव्या घातल्या की चाळीस. याला त्या धंद्यात कोडिंग म्हणतात. कंपनीचं मूळ काम आखाती बाजारपेठेचं, पण एक मोठं अमेरिकन गिऱ्हाईक मिळालं आणि ते गिऱ्हाईक टिकलं. त्याच्या अहवालांवर तिकडच्या दोन्ही पक्षांची माणसं तुटून पडतात असं ऐकिवात होतं.

ती नाशिकची. अर्थशास्त्रात एम.ए. केलं, ज्युनिअर कॉलेजात सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. पर्मनंट होण्याची वाट बघण्यात सातवं वर्ष घालवण्यापेक्षा नवऱ्याबरोबर गेलेलं बरं, म्हणून २००९ मध्ये रियाधला आली. गुरुनाथ एका बँकेच्या आयटी विभागात होता. पुढची अकरा वर्षं तिच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, ती नुसती ‘अवलंबित’ होती. अनुष्का झाली, शाळेत जायला लागली. घरातलं सगळं आवरून झालं की दुपारी ती जुनी क्रमिक पुस्तकं काढून बसायची आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा भिंतीला शिकवायची. गुरुनाथनं एकदा लवकर घरी येऊन ते ऐकलं. महिन्याभरात त्यानंच ही नोकरी शोधून दिली.

ते २०२० साल होतं. त्या वर्षी अमेरिकेत निवडणूक झाली आणि प्रमोदिनीला वाटलं, आपल्या हातून मोठा घोटाळा झाला. ऑक्टोबरात ज्या घरांनी ‘वाढते आहे’ म्हटलं होतं, तीच घरं पुढच्या मार्चमध्ये ‘घटते आहे’ म्हणत होती. ज्यांना सगळं बुडताना दिसत होतं त्यांना आता पालवी फुटलेली दिसत होती. गाव तेच, घर तेच. मध्ये फक्त राष्ट्राध्यक्ष बदलले होते.

ती सुपरवायझरकडे गेली. मोहियुद्दीन नांदेडचा, वीस वर्षं सौदीत मुरलेला सज्जन माणूस. मराठी त्याला चांगली समजायची, पण ऑफिसात तो हिंदीच बोलायचा.

“मॅडम, गलती नहीं है,” तो हसून म्हणाला. “यही तो वो लोग देखना चाहते हैं.”

हळूहळू तिच्या लक्षात आलं. वर्गात ती शिकवायची की वाढ म्हणजे देशानं वर्षभरात किती जास्त निर्माण केलं त्याचा आकडा. पण तिकडे तो आकडा कोणी तसा वाचतच नव्हतं. आपला पक्ष गादीवर असला की वाढ होते, दुसऱ्याचा असला की होत नाही. पुढारी आकडा बघून भांडत आणि माणसं पुढाऱ्याकडे बघून आकडा ठरवत. तिसरा प्रश्न मात्र वेगळा होता. तुमच्या स्वतःच्या घरचं कसं चाललंय? त्याचं उत्तर निवडणुकीनं फारसं हलायचं नाही. पण त्या प्रश्नाला ‘का’ जोडलेला नव्हता, नुसते तीन चौकोन होते. त्यावर कोणाला भाषण करता येत नसे.

एकेचाळीस सतरा हे घर पहिल्यांदा तिच्या कानावर पडलं ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. पेनसिल्व्हेनियातलं, नदीकाठच्या कुठल्याशा गावातलं. रेकॉर्डिंगमधली नावं पुसून तिथं एक बारीक शिट्टी घातलेली असायची, त्यामुळे नावं तिला कधीच कळली नाहीत. बाई सत्तरीच्या असाव्यात. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, रिपब्लिकन. आवाज खणखणीत.

“वाढते आहे, तशीच आहे, की घटते आहे?” प्रश्न विचारणाऱ्यानं वाचलं.

“घटते आहे!”

मागून एका म्हाताऱ्याचा दमलेला आवाज आला, “वाढते आहे! खोटं सांगू नकोस त्याला!”

“तुला विचारलेलं नाही. तुला फोन येईल तेव्हा तू सांग.”

“मला कोण फोन करतंय? साधा कामगार मी, कारखान्यात बाटल्या तपासण्यात जन्म गेला माझा!”

“बघा,” बाई फोनवर म्हणाल्या, “चाळीस वर्षं डेमोक्रॅटांना मत देऊन हा असा झालाय.”

प्रमोदिनी भर ऑफिसात मोठ्यानं हसली. आणि हसता हसता तिला त्या दोन आवाजांच्या मागचा तिसरा आवाज ऐकू आला. फुस्स, आणि मग हलकेच ठक्. पुन्हा फुस्स, ठक्. तिचं हसू तिथंच थांबलं. तो आवाज तिनं नेमका ओळखला. ऑक्सिजनचं मशीन.

२०२१ च्या एप्रिलमध्ये नाशिकच्या घरी तिच्या वडिलांच्या उशाशी तेच मशीन होतं. विमानं बंद होती. भाऊ फोन वडिलांच्या तोंडाजवळ धरायचा आणि वडिलांना बोलवत नसल्यामुळे ती पंधरा-पंधरा मिनिटं नुसतं मशीन ऐकत राहायची. एका सकाळी भावाचा फोन आला आणि मागे ते नव्हतं. भाऊ बोलायच्या आत तिला कळलं होतं.

त्यामुळे असेल, पण त्या दोघांवर तिचा जीव जडला. ती त्यांना मनात काका-काकू म्हणायला लागली. गुरुनाथला जेवताना सांगायची, “आज आमच्या एकेचाळीस सतराच्या काकूंचा नंबर लागला हं.” आणि भांडणाची नक्कल करायची. मार्च २०२४ चं भांडण तर अनुष्कालाही पाठ झालं होतं. काका मागून ओरडले होते, “अडीच टक्क्यांनी वाढली गेल्या वर्षी! पेपरात आलंय!” आणि काकू शांतपणे म्हणाल्या होत्या, “ते अडीच टक्के कुठल्या दुकानात मिळतात ते विचारून ये, मी पिशवी घेऊन जाते.” यावर काका हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, आणि काकूंनी फोन खाली ठेवून त्यांना पाणी दिलं. प्रश्न विचारणारा थांबून राहिला होता. रेकॉर्डिंगमध्ये दीड मिनिट नुसतं फुस्स, ठक्.

मग आला २०२४ चा ऑक्टोबर. निवडणूक तीन आठवड्यांवर होती, आणि गिऱ्हाइकाला सगळं कालच्या काल हवं होतं. एरवी दिवसाला चाळीस रेकॉर्डिंग्ज व्हायची, ती सत्तरवर गेली. त्यातल्याच एका दिवशी अनुष्काच्या शाळेत पालकांची सभा होती आणि ऑफिसची व्हॅन पाचला सुटायची. साडेचारला एकेचाळीस सतरा आलं.

“घटते आहे,” काकू म्हणाल्या. आणि मग त्यांनी आवाज खाली आणला. “विजेचं काय झालंय बघा ना. मी दुपारी दोन तास त्याचं मशीन बंदच ठेवते. तो झोपलेला असतो, त्याला कळत नाही.”

आतून काकांचा आवाज आला, “काय सांगतेयस त्याला?”

“अर्थव्यवस्थेचं सांगतेय. झोप तू.”

प्रश्न विचारणाऱ्यानं पुढचा प्रश्न वाचला.

प्रमोदिनीचं बोट कीबोर्डवर थांबलं. अशा वेळेसाठी एक कागद होता, त्याला ऑफिसात कन्सर्न फॉर्म म्हणत. बोलणाऱ्याच्या किंवा घरातल्या कोणाच्या जिवाला धोका वाटला तर तो त्याच दिवशी भरायचा, मग तो मोहियुद्दीनकडून अमेरिकेला जायचा आणि तिथून कोणीतरी त्या घराला फोन करायचं. सहा पानं होती. नीट भरायचा तर पाऊण तास.

तिनं घड्याळ बघितलं. उद्या आल्या आल्या भरू, असं ठरवलं. तिनं ‘बावीस’ दाबलं, महागाई, आणि पुढचं रेकॉर्डिंग उघडलं.

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाच्या रेकॉर्डिंग्जचा गठ्ठा बंद झालेला होता. बंद गठ्ठ्यातलं काही उघडायचं तर परवानगी काढावी लागे. काढता आली असती. तिनं काढली नाही. अमेरिका आहे, तिनं स्वतःला सांगितलं, डॉक्टर असतील, नर्स येत असेल, आणि बाई काही मूर्ख नाहीत, वीस वर्षं शाळेची बस चालवलीय त्यांनी. चार दिवसांनी ती ते विसरली. हे विसरणंच पुढे तिला सगळ्यात जास्त छळणार होतं.

मार्च २०२५ मध्ये रमजान होता. ऑफिस लवकर सुटायचं, चहाचं यंत्र झाकून ठेवलेलं, मजल्यावर सगळे हळू आवाजात बोलायचे. अमेरिकेत सत्ता पालटली होती आणि अपेक्षेप्रमाणे उत्तरंही पालटली होती. ऑक्टोबरात ‘घटते’ म्हणणारे आता ‘वाढते’ म्हणत होते, आणि उलट. प्रमोदिनी यांत्रिकपणे आकडे देत होती. पावणेदोनच्या सुमाराला एकेचाळीस सतरा आलं आणि ती सावरून बसली. आता काकू ‘वाढते’ म्हणणार, काका ‘घटते’ म्हणून ओरडणार. बाजू बदलून तेच भांडण.

“वाढते आहे,” काकू म्हणाल्या. “आता सगळं मार्गी लागेल.”

आणि त्या थांबल्या.

तीन सेकंद. प्रमोदिनीनं नंतर ते मोजले. कोणाचं तरी बोलणं येईल म्हणून माणूस थांबतं, तशा त्या थांबल्या होत्या. कोणी काही बोललं नाही. मागे पूर्ण शांतता होती, धुतलेल्या पाटीसारखी.

“हॅलो? मॅडम, आहात ना?”

“आहे. विचारा पुढचं.”

“तुमच्या स्वतःच्या घरचं कसं चाललंय? सुधारलंय, तसंच आहे, की बिघडलंय?”

“तसंच आहे.”

शेवटी नेहमीची माहिती विचारतात, ती त्यानं विचारली. घरात एकूण माणसं किती?

“एक,” काकू म्हणाल्या.

त्यानं ‘एक’ टाइप केल्याचा आवाज आला. सर्वेक्षणात सहभागी झाल्याबद्दल त्यानं आभार मानले.

प्रमोदिनीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग पुन्हा घातला आणि पुन्हा ऐकलं. पाचव्यांदा ऐकून झाल्यावर मोहियुद्दीन जवळ येऊन म्हणाला, “मॅडम, तबियत ठीक है?” तिनं मान हलवली आणि उत्तराला आकडा दिला. त्रेचाळीस. सत्तापालटामुळे वाढीची आशा. कोष्टकात ते उत्तर अगदी फिट्ट बसलं.

त्या दिवसापासून तिला तो आवाज ऐकू यायला लागला.

आधी तो घरातल्या एसीत होता. मग ऑफिसच्या फ्रीजमध्ये. एकदा लिफ्टमध्ये. फुस्स, ठक्. ती कणीक मळताना हात थांबवून कान द्यायची. “अहो, हा आवाज येतोय का तुम्हाला?” गुरुनाथ उठून एसीजवळ जायचा, कान लावायचा, परत यायचा. “काही नाही गं. गॅस भरायला झाला असेल.” त्यानं माणूस बोलावून गॅस भरून घेतला. काही फरक पडला नाही. पण आवाज येण्यापेक्षा तो अचानक थांबायचा, ते भयंकर होतं. थांबला की तिला वाटे, कोणीतरी आत्ता, या क्षणाला, बटण बंद केलं.

सुट्टीच्या, शुक्रवार-शनिवारच्या दुपारी तिला घरात बसवेना. दोन ते चार. अनुष्का अभ्यास करत असायची, गुरुनाथ आडवा झालेला असायचा. झोपलेल्या नवऱ्याची छाती वरखाली होतेय का ते बघत ती दारात उभी राहायची. अनुष्कानं एकदा ते पाहिलं.

“आई, व्हॉट आर यू डुइंग?”

“काही नाही. बाबा झोपलेत का बघत होते.”

“ही इज ओके, आई. कम.” मुलीनं हात धरून तिला बाहेर नेलं.

तिला काकांचं मरण एकट्या काकूंच्या माथी मारता येईना. काकूंनी बटण बंद केलं असेल, पण त्यांनी ते जगाला सांगितलं होतं. एका परक्या माणसाला फोनवर सांगितलं होतं. सांगताना आवाज खाली आणला, तो काकांना कळू नये म्हणून. की त्यांना हवं होतं, कोणीतरी म्हणावं, असं करू नका? फोनवरच्या माणसानं पुढचा प्रश्न वाचला. मग त्या शब्दांनी समुद्र ओलांडला, ते रियाधला आले, तिच्या कानात पडले. त्या माणसानंतर अख्ख्या पृथ्वीवर ते ऐकणारी ती एकटीच होती. आणि तिनं बावीस दाबलं.

शेवटी तिनं गुरुनाथला सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

“तू डॉक्टर आहेस का?” तो म्हणाला. “तुला काय माहीत, तो माणूस कशानं गेला? गेला की नाही, हे तरी तुला कुठं माहीत आहे? वृद्धाश्रमात ठेवला असेल.”

“त्या थांबल्या हो तीन सेकंद.”

“अगं, फोन अडकला असेल.”

दुसऱ्या दिवशी ती मोहियुद्दीनच्या केबिनमध्ये गेली आणि कन्सर्न फॉर्म मागितला. कोणत्या घराचा, कधीचा, ते ऐकल्यावर त्यानं दार लोटून घेतलं.

“मॅडम, पाँच महीने पुराना? ऊपर गया तो पहला सवाल यही आएगा, सुनकर चुप कौन बैठा?”

“मी बसले.”

“नौकरी का सोचिए. इकामा का सोचिए. जो हुआ सो हुआ, खलास.”

“मोहियुद्दीनभाई, मला घरात झोपलेल्या माणसाची भीती वाटायला लागलीय.”

त्यानं खणातून फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. मग पाच वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी मराठीत बोलला. “मग लिहा,” तो म्हणाला. “खरं तेच लिहा. मी पाठवतो.”

तिनं सहा पानं भरली. उशीर का झाला, यासाठी फॉर्मवर जागा नव्हती, कारण उशीर होईल असं कोणी धरलंच नव्हतं. तिनं समासात लिहिलं, ‘त्या दिवशी मला लवकर निघायचं होतं.’

फॉर्म गेला, आणि काहीच झालं नाही. एप्रिल सरला. महिनाअखेरीस अमेरिकेचा पहिल्या तिमाहीचा आकडा आला तो उणे. अर्थव्यवस्था वाढली नव्हती, किंचित आकसली होती. त्याबरोबर तिकडे गदारोळ उठला. सत्ताधारी म्हणाले, ही आधीच्या राष्ट्राध्यक्षांची घाण. विरोधक म्हणाले, ही यांची करणी.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी अशोक कुटुंबासह जेवायला आला होता. गुरुनाथच्याच बँकेतला. मुलगा अमेरिकेत शिकत असल्यामुळे तिकडची बातमी तो हवामानासारखी रोज बघायचा. टीव्हीवर चर्चा लागली होती. दोन पक्षांचे दोन प्रवक्ते. इकडे दोन ताटांवर दोन मतं. अशोक म्हणत होता, आकडे उणे म्हणजे हे सरकार गेलं. गुरुनाथ म्हणत होता, एका तिमाहीत काय कळतं, आयात फुगली म्हणून आकडा पडला. पगार रियालमध्ये आणि रियालची गाठ डॉलरशी बांधलेली, त्यामुळे दोघेही हिरिरीनं बोलत होते. प्रमोदिनी आमटीचं पातेलं घेऊन बाहेर आली.

टीव्हीवरचा सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता हातातला कागद हलवत म्हणाला, “आकडे सोडा, माणसं काय म्हणतात ते ऐका. पेनसिल्व्हेनियातल्या एका निवृत्त बसचालक बाईंनी सर्वेक्षणात सांगितलंय, अर्थव्यवस्था वाढते आहे, आता सगळं मार्गी लागेल!”

समोरची प्रवक्ती हसली. “याच बाई ऑक्टोबरात घटते म्हणत होत्या. तेव्हा आकडा चांगला होता, आता वाईट आहे. तुमच्या मतदाराला वाढ दिसत नाही, फक्त तुम्ही दिसता.”

“करेक्ट!” अशोक म्हणाला.

“पण बाईंना तसं वाटतंय ना?” गुरुनाथ म्हणाला. “वाटण्याला किंमत असते की नाही?”

प्रमोदिनी पातेलं हातात धरून उभीच होती. “त्यांचा नवरा गेला होता,” ती म्हणाली.

“कोणाचा?”

“त्या बाईंचा. हे बोलल्या तेव्हा घरात त्या एकट्या होत्या. आधी दोघं असायची. तो मागून ओरडायचा.”

गुरुनाथनं तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. अशोक चमच्याशी चाळा करत, तिला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला, “ते खरं आहे वहिनी. पण इथं मुद्दा वाढीचा चाललाय.”

तिनं टीव्ही बंद केला. लोक भात कालवायला लागले.

जूनमध्ये उत्तर आलं. मोहियुद्दीननं ते स्वतः तिच्या टेबलाशी आणून दिलं. चार ओळींची मेल. संबंधित घराशी संपर्क साधला. पतीचं जानेवारीत रुग्णालयात न्यूमोनियानं निधन झालं आहे. बाई सुखरूप असून सर्वेक्षणात राहू इच्छितात. प्रकरण बंद. खाली वेगळ्या ओळीत, संबंधित कर्मचाऱ्याला लेखी समज द्यावी.

“देखा?” मोहियुद्दीन म्हणाला. “न्यूमोनिया. मशीन का नाम तक नहीं. अब तो चैन से सोइए.”

मशीनचं नावही नव्हतं, हे तिनंही पाहिलं होतं. कारण कोणी विचारलंच नसणार. न्यूमोनिया का झाला, दुपारच्या दोन तासांचा त्यात वाटा होता की नव्हता, हे आता कोणालाच कळणार नव्हतं. काकूंनाही नाही. त्या बाईही आपल्या घरात बसून हाच हिशेब करत असतील आणि त्यांचाही तो कधी जुळत नसेल. तिनं समजपत्रावर सही केली. त्या रात्री तिला झोप लागली, पण ती समाधानाची नव्हती, थकव्याची होती.

जुलैअखेरीस दुसऱ्या तिमाहीचा आकडा आला. चांगला, तीन टक्क्यांचा. एप्रिलमध्ये ‘आकड्यात काय आहे’ म्हणणारे आता आकडा नाचवायला लागले, आणि तेव्हा तो नाचवणारे आता माणसांच्या हालअपेष्टांबद्दल बोलायला लागले. अशोकनं फोन करून गुरुनाथला ते ऐकवलंसुद्धा.

ऑक्टोबरात नवी फेरी सुरू झाली. मोहियुद्दीननं न विचारता एकेचाळीस सतरा दुसऱ्या कोणाच्या यादीत टाकलं होतं. प्रमोदिनीनं ते मागून घेतलं.

“वाढते आहे, तशीच आहे, की घटते आहे?” फोनवर नवा माणूस होता.

काकूंच्या आवाजाचा खणखणीतपणा गेला होता.

“माझं विचाराल तर वाढते आहे,” त्या म्हणाल्या. “पण या घरातून नेहमी दोन उत्तरं जायची. दुसरं कोणी लिहून घ्यायचं नाही, तरी जायचं. त्यानं म्हटलं असतं, घटते आहे.”

“मला एकच लिहिता येतं, मॅडम.”

“मग त्याचं लिहा.”

“आणि तसं का वाटतं?”

“तो म्हणाला असता म्हणून.”

प्रमोदिनीनं कोडांची अख्खी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग नव्वद दाबलं. इतर. त्यानंतर तिनं कन्सर्न फॉर्म उघडला. वृद्ध स्त्री, एकटी, पतीवियोग, कोणीतरी विचारपूस करावी. खाली व्हॅनचे ड्रायव्हर हुसेनमियाँ यांनी हॉर्न दोनदा वाजवला, मग फोन केला. “यल्ला, चलिए मॅडम, सब बैठ गए.” तिनं त्यांना जायला सांगितलं. सहाव्या पानावर सही करेपर्यंत मजला रिकामा झाला होता आणि बाहेर सूर्यास्ताची, मगरिबची बांग सुरू होती. ती अल मलाझच्या रस्त्यानं चालत घरी गेली. वाटेत प्रत्येक दुकानाच्या एसीखालून जाताना तो आवाज ऐकून तिनं मान खाली घातली.

डिसेंबरमध्ये गिऱ्हाइकाचा जाडजूड अहवाल आला. पक्षनिहाय कोष्टकांच्या पानावर एक वाक्य होतं. पेनसिल्व्हेनियातल्या सत्ताधारी पक्षाच्या मतदारांमध्ये वाढीवरचा विश्वास किंचित घसरला असून याचं कारण किमती असावं. त्या एका वाक्यावर आता तिकडे पंधरा दिवस तावातावानं बोललं जाईल, हे तिला ठाऊक होतं. तिनं ते वाक्य दोनदा वाचलं; त्या घसरणीत एकेचाळीस सतराच्या काकांचं ‘घटते आहे’सुद्धा होतं. मोहियुद्दीननं लांबून विचारलं, काही चूक आहे का. ती नाही म्हणाली, आणि पुढच्या घराचं रेकॉर्डिंग लावलं.